छत गळतंय, पण कोर्टात जायचं नाही: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी मध्यस्थीची वाट

तीन वर्षं आमच्या आतल्या खोलीचं छत गळत होतं. ठाण्यातल्या चरईतली जुनी इमारत, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. वरच्यांच्या न्हाणीघराला लागून असलेल्या कोपऱ्यात आधी पिवळा डाग आला, मग पोपडे, मग सासूबाईंच्या उशाशी टपटप. वरच्या काका-काकूंशी आमचा बावीस वर्षांचा शेजार. लोणच्याची वाटी वर जायची आणि कधी रिकामी परत यायची नाही. तरी आम्ही एकमेकांना वकिलाच्या नोटिसा पाठवण्यापर्यंत गेलो.

दावा मात्र लावला नाही. मध्यस्थीला गेलो आणि चौथ्या बैठकीत मिटलं. त्याआधी एकदा सोसायटीच्या ऑफिसात स्टँपपेपरवर ‘समझोता’ करून आम्ही सगळेच तोंडावर पडलो होतो. त्या दोन कागदांतला फरक कुणी आधी समजावला असता, तर एक अख्खं वर्ष आणि एक गादी वाचली असती. म्हणून हे लिहिते आहे. मी वकील नाही, शाळेत गणित शिकवते. तुमच्या प्रकरणात मोठी रक्कम किंवा घराची मालकी गुंतली असेल तर वकिलाचा सल्ला घ्याच.

एक गोष्ट आधीच सांगते. मध्यस्थीच्या खोलीत कोण काय बोललं ते गुप्त ठेवायचं असतं. त्यामुळे खाली आहेत त्या बहुतेक माझ्याच चुका. काकांबद्दल जे थोडं आलंय ते त्यांना वाचून दाखवलंय. त्यांनी एक वाक्य काढायला लावलं, ते काढलं.

१. तुमचं भांडण मध्यस्थीत बसतं का ते बघा

मध्यस्थ निकाल देत नाही. तुम्ही कितीही पुरावे टेबलावर आपटलेत तरी ‘तुमचं बरोबर, त्यांचं चूक’ असं तो म्हणणार नाही. निवाडा देतो तो लवाद, त्याचा कायदा वेगळा. मध्यस्थ दोघांना बोलतं करतो, आणि पटलं तर जे पटलं तेवढंच कागदावर येतं. पटलं नाही तर दोघं आपापल्या घरी, कुणाचा हक्क कुठे जात नाही.

शेजारी, भावंडं, नवरा-बायको, भागीदार, भाडेकरू आणि मालक यांच्यातले वाद इथे चांगले बसतात. डिपॉझिट अडकलंय, उसने पैसे परत येत नाहीत, चेक वटला नाही, वडिलांच्या पश्चात फ्लॅटची वाटणी रखडलीय, अपघाताची भरपाई हवी आहे, ही सगळी प्रकरणं मध्यस्थीला जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ॲफकॉन्स कंपनीच्या खटल्यात कुठले वाद मध्यस्थीला पाठवावेत आणि कुठले नाहीत हे बरंच स्पष्ट केलं. गंभीर गुन्हे, खोटे दस्तऐवज किंवा फसवणुकीचे ठोस आरोप, अनेकांच्या हिताशी जोडलेली प्रकरणं यात येत नाहीत.

उद्या सकाळी कुणी तुमची भिंत पाडणार असेल तर मध्यस्थीच्या तारखेची वाट बघत बसू नका. आधी कोर्टातून मनाई हुकूम मागा, बोलणी नंतरही करता येतात. घरात मारहाण होत असेल तर ‘एकत्र बसून मिटवा’ म्हणणाऱ्या नातेवाइकांचंही ऐकू नका, आधी सुरक्षित व्हा.

२. दार कुठलं ठोठावायचं

आमचं सगळ्यात जास्त डोकं इथे फिरलं. ‘मध्यस्थी’ नावाचं एकच ऑफिस नाही. तुमची स्थिती काय आहे त्यावर दार ठरतं.

दावा अजून लागलेला नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे कायद्याची मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयात, जा. ठाण्याचं प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात, कोर्ट नाक्याला आहे. स्टेशनच्या पश्चिमेकडून चालत जाता येतं, गाडी नेऊ नका, पार्किंगसाठी फिरण्यात बैठक निघून जाईल. तिथे ‘दाखलपूर्व’ हा शब्द वापरा, म्हणजे तुम्हाला काय हवंय ते चटकन कळतं. कल्याण-भिवंडीकडच्यांनी आपल्या तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे विचारावं. वाशी, नेरूळ, ऐरोलीवाल्यांना बेलापूरचं न्यायालय जवळ पडतं.

नवी मुंबईकरांसाठी एक खड्डा आहे. पत्त्यात ‘नवी मुंबई’ असलं तरी खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे सगळं रायगड जिल्ह्यात येतं. तिथल्या वादासाठी पनवेलचं न्यायालय, आणि जिल्हा प्राधिकरण थेट अलिबागला. माझी खारघरची मावसबहीण अर्धी रजा टाकून ठाण्याला आली आणि हात हलवत परत गेली. आधी १५१०० वर फोन करून विचारा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची ही मदतवाहिनी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

दावा आधीच चालू असेल तर त्याच कोर्टात अर्ज द्या की प्रकरण मध्यस्थीला पाठवावं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली न्यायाधीश तसं पाठवू शकतात, बऱ्याचदा स्वतःहून विचारतातही. वकील टाळाटाळ करत असतील तर तारखेला स्वतः उभं राहून नम्रपणे सांगा.

धंद्याचा वाद असेल आणि रक्कम तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल तर गोष्ट वेगळी आहे. वागळे इस्टेट, तुर्भे-महापेच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांनी हे नीट वाचावं. व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ प्रमाणे, तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती न करता लावलेला दावा फेटाळला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये पाटील ऑटोमेशनच्या खटल्यात सांगून टाकलं. अर्जाची फी १,००० रुपये. मध्यस्थाची फी वेगळी, ती दाव्याच्या रकमेवर ठरते आणि दोघांत निम्मी-निम्मी. मुदत तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन.

बिल्डरशी भांडण असेल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, सलोखा मंच बघा. तिथे ग्राहकांच्या बाजूचा एक आणि विकासकांच्या संघटनेचा एक असे दोघं समेट घडवायला बसतात, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. ग्राहक आयोगात तक्रार चालू असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तिथेही मध्यस्थीची सोय आहे.

खर्चाबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नवालेही त्यात येतात. मी सहा हजार रुपये मोजून नोटीस पाठवून मोकळी झाले होते.

३. पिशवीत काय काय हवं

मी जाड फाइल नेली होती, १४० फोटो छापून. पाहिले गेले दोन. नेमकं लागतं ते एवढंच:

– आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, दोन-दोन झेरॉक्स
– तुमचा वादाशी संबंध दाखवणारा कागद: खरेदीखत, शेअर सर्टिफिकेट, लिव्ह अँड लायसन्स करार, बिलं, चेक आणि बँकेचा परतीचा मेमो, जे असेल ते
– आतापर्यंतचा पत्रव्यवहार आणि नोटिसा, तारखेच्या क्रमाने
– समोरच्यांचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट, आणि मोबाइल नंबर
– खर्चाची निदान दोन अंदाजपत्रकं, वेगवेगळ्या माणसांची
– दावा चालू असेल तर त्याचा नंबर आणि पुढची तारीख
– दुसऱ्याच्या वतीने येत असाल तर मुखत्यारपत्र, आणि त्यात ‘तडजोड करण्याचा अधिकार’ स्पष्ट लिहिलेला हवा

शेवटच्या मुद्द्यावर बरेच जण अडकतात. नुसतं ‘हजर राहण्याचं’ मुखत्यारपत्र आणलं तर सही कुणी करायची, हा प्रश्न शेवटच्या क्षणी उभा राहतो.

गळतीवाल्यांसाठी खास: भांडायला जाण्याआधी पाणी नक्की कुठून येतंय ते शोधा. प्लंबरकडून रंगीत पाण्याची चाचणी करून घ्या. वर नहाणी ट्रॅपमध्ये (न्हाणीघरातलं पाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्यात) रंग ओतायचा आणि खाली तोच रंग उतरतो का बघायचं. आमच्याकडे गुलाबी रंग दोन दिवसांनी उतरला, पण सगळा कोपऱ्यात नाही. थोडा डक्टमधल्या उभ्या पाइपाजवळही दिसला. तो पाइप सोसायटीचा! म्हणजे वाद दोघांचा नव्हता, तिघांचा होता. सोसायट्यांच्या कारभाराचे जे नमुना नियम असतात, त्या आदर्श उपविधींप्रमाणे दोन घरांमधली आतली गळती ज्याच्या घरातून होते त्या सभासदाने निस्तरायची, आणि सामाईक पाइप, गच्ची, पावसाचं पाणी हे सोसायटीने बघायचं. आम्ही वर्षभर फक्त काकांच्या नावाने खडे फोडत होतो.

४. अर्ज एका पानाचा

साध्या कागदावर मराठीत चालतो. तुम्ही कोण, समोरचे कोण, काय झालं, कधीपासून, तुम्हाला काय हवंय. बस.

माझ्या पहिल्या मसुद्यात ‘जाणूनबुजून’ हा शब्द पाच वेळा होता. प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून बसणाऱ्या एका ताईंनी तो वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, “मॅडम, हा कागद त्यांच्या घरी जाणार. वाचून ते येतील का?” मी तिथल्याच बाकावर बसून तो पुन्हा लिहिला. ‘जाणूनबुजून’ गेलं, ‘वयस्कर सासूबाईंची खोली आहे’ एवढं राहिलं. दोन पानांचं एक झालं.

अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या. नंबर मोबाइलमध्ये टिपून ठेवा, पुढच्या प्रत्येक चौकशीला तोच विचारतात.

५. समोरचे आलेच नाहीत तर

प्राधिकरण त्यांना नोटीस पाठवतं. ती न्यायालयाच्या आवारातून आलेली असते, त्यामुळे बरेच जण दचकतात आणि चिडतात. काकाही चिडले. म्हणून नोटीस पोचण्याआधी स्वतः सांगा. मी जिन्यात गाठून एवढंच म्हटलं, “काका, एक पत्र येईल. केस नाहीये ती. एकदा तिसऱ्या माणसासमोर बसू या.” ते काही बोलले नाहीत, पण तारखेला आले.

दाखलपूर्व प्रकरणात यायची जबरदस्ती करता येत नाही. दोनदा बोलावूनही कुणी आलं नाही तर प्रकरण बंद होतं. मग दाव्याचा रस्ता आहेच, आणि तुम्ही आधी बोलायचा प्रयत्न केला होता हेही कागदावर राहतं. कलम १२-अ खालच्या प्रकरणात समोरचा फिरकला नाही तर तसा अहवाल मिळतो, तो दाव्यासोबत जोडायचा असतो. तो कागद हरवू नका.

६. बैठकीचा दिवस

डबा आणि पाण्याची बाटली न्या. अकराला बोलावलं म्हणजे अकरालाच सुरू होईल असं नाही. फोनवर रेकॉर्डिंग अजिबात करायचं नाही.

खोली साधी असते, एक टेबल आणि खुर्च्या. न्यायाधीशांसारखा उंच मंच नाही, काळा डगला नाही. मध्यस्थ आधी नियम सांगतात: मध्ये बोलायचं नाही, इथलं बाहेर न्यायचं नाही, कधीही उठून जायची मुभा आहे. मग दोघांचं एकत्र ऐकून घेतात, मग एकेकाला वेगळं बसवतात. वेगळ्या बैठकीत तुम्ही जे सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय पलीकडे सांगत नाहीत. तेव्हा तिथे तरी खरं बोला. मिटलं नाही तर मध्यस्थ कोर्टाला फक्त ‘तडजोड झाली नाही’ एवढंच कळवतात. कुणी किती द्यायला तयार होतं, हे अहवालात लिहायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोतीराम विरुद्ध अशोककुमार या प्रकरणात बजावलेलं आहे.

वकील सोबत असू शकतात, पण बोलायचं तुम्ही. माझी पहिली बैठक वकिलांच्या आपसातल्या बोलण्यातच गेली.

आणि ज्याच्या हातात निर्णय आहे तो माणूस खोलीत हवा. काकांच्या घरचे पैशाचे निर्णय त्यांचा बंगळूरचा मुलगा घेतो. तो नव्हता तोवर काका प्रत्येक आकड्यावर “विचारून सांगतो” म्हणत राहिले. दुसऱ्या बैठकीला सगळ्यांच्या संमतीने तो व्हिडिओ कॉलवर बसला आणि गाडं हललं. सोसायटीचे सचिव तिसऱ्या बैठकीत आले, तेही कमिटीचा ठराव घेऊन. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघंही हवेत. काकू तिसरा मजला उतरायला कचरत होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांच्यासाठी रिक्षा अगदी आवाराच्या फाटकापर्यंत नेली.

काकूंच्या गुडघ्याचं पुढे महत्त्व आहे. दुरुस्ती इतकी वर्षं का रखडली याची आमची उत्तरं ठरलेली होती: हट्ट, कंजूसपणा, वरचढपणा. काकांनी नंतर स्वतः मला सांगितलं की कमोड असलेलं न्हाणीघर घरात एकच आहे, ते बारा दिवस फोडून ठेवलं तर हिने जायचं कुठे, हाच प्रश्न त्यांना सुटत नव्हता. आणि हे ते नोटिशीच्या उत्तरात थोडेच लिहिणार!

७. आपला आकडा आधी घरी ठरवा

मी दीड लाख मागितले होते. त्यात पन्नास हजार ‘मनस्तापाचे’. कुठून आणले ते मलाही माहीत नाही.

घरी बसून तीन आकडे लिहा: प्रत्यक्ष नुकसान किती, किती मिळालं तर शांत झोप लागेल, आणि दावा लावला तर कोर्ट फी, वकील, रजा धरून किती जाईल. तिसरा आकडा लिहिला की पहिल्या दोघांची भाषा बदलते. माझं प्रत्यक्ष नुकसान प्लास्टर, रंग आणि गादी धरून २२,००० निघालं. वरच्या न्हाणीघराचा अंदाज ७८,००० होता. मला काकांकडून पैसे नको होते, कोरडं छत हवं होतं. हे मला तिसऱ्या बैठकीआधी कळलं.

८. तडजोडनामा: इथे घाई करू नका

बोलणी जमली की सगळ्यांना घरी जायची घाई होते. चहा येतो, हसणं-खिदळणं होतं, आणि ‘लिहून टाका काहीतरी’ असं कुणीतरी म्हणतं. आमचा पहिला, सोसायटीच्या ऑफिसातला कागद असाच झाला. त्यातलं मुख्य वाक्य हे:

‘वरील सभासद लवकरात लवकर योग्य ती दुरुस्ती करून देतील व खालील सभासद त्यांना सर्वतोपरी सहकार्य करतील.’

वाचायला किती गोड! काकांनी महिन्याभरात प्लंबर बोलावला, लाद्यांच्या फटींत पांढरं सिमेंट भरून घेतलं, दीड हजार दिले. त्यांच्या मते ‘योग्य ती दुरुस्ती’ झाली. दोन महिन्यांनी पुन्हा टपटप. मी वर गेले तर म्हणाले, “केली ना दुरुस्ती.” आणि कागदाप्रमाणे ते खोटं बोलत नव्हते. लवकरात लवकर म्हणजे कधी, योग्य म्हणजे कुणाच्या मते, सहकार्य म्हणजे नक्की काय? तिन्ही शब्द पोकळ. गणिताच्या पेपरात असं उत्तर कुणी लिहिलं तर मी शून्य देते, आणि या कागदावर मी स्वतः सही केली होती.

दुसऱ्या तडजोडनाम्यात त्याच वाक्याच्या जागी सव्वा पान आलं. त्याचा गाभा असा होता:

‘काम ठरलेल्या तारखेस सकाळी ९ वाजता सुरू होऊन बारा कामाच्या दिवसांत पूर्ण होईल. न्हाणीघराच्या सर्व लाद्या व जुना कोबा काढून नवीन वॉटरप्रूफिंग करणे आणि नहाणी ट्रॅप बदलणे याचा खर्च वरील सभासद करतील. डक्टमधील उभा पाइप सोसायटी त्याच काळात स्वखर्चाने बदलेल. लाद्या बसवण्यापूर्वी ४८ तास पाणी साठवून चाचणी होईल व खालील छताला ओल नाही याची दोघे एकत्र पाहणी करून सही करतील. ओल आढळल्यास काम पुन्हा केल्याखेरीज लाद्या बसवल्या जाणार नाहीत. खालील खोलीचे प्लास्टर व रंग खालील सभासद स्वखर्चाने करतील.’

आणि एक कलम, जे कुठल्याही नमुन्यात सापडणार नाही: कामाच्या काळात काकूंसाठी दुसऱ्या खोलीत घडीची कमोड खुर्ची ठेवायची, तिचा खर्च आमचा. खुर्ची ३,२०० रुपयांना आली. तीन वर्षं अडलेलं काम त्या ओळीवर सुटलं.

तुमच्या कागदाचं प्रत्येक वाक्य या प्रश्नांतून काढा: कोण करणार, नेमकं काय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कुणाच्या पैशाने, झालं हे कसं ठरणार, नाही झालं तर काय. पैसे हप्त्याने असतील तर प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम, आणि एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम एकदम देणं लागेल का, तेही लिहा. आधीच्या नोटिसा, पोलिसातले अर्ज, उपनिबंधकांकडच्या तक्रारी कोण, कधी मागे घेणार हे राहून जातं आणि मग त्यावरून नवीन भांडण सुरू होतं.

कागद मराठीत मागा. सासूबाईंना मी मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांनीच विचारलं, “यात रविवार धरलाय का?” म्हणून ‘कामाच्या दिवसांत’ आलं. न समजलेल्या एका शब्दावरही सही करू नका. सही प्रत्येक पानावर, सगळ्या सहमालकांची.

९. कागदाला दात हवेत

पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरी केली म्हणजे झालं, असा मोठा गैरसमज आहे. तो फक्त करार. समोरच्याने मोडला तर त्या करारावर तुम्हाला नव्याने दावा लावावा लागतो.

दावा चालू असेल तर तडजोडीची पुरसिस, म्हणजे दोघांच्या सहीचं लेखी निवेदन, कोर्टात द्या. त्यावर कोर्ट हुकूमनामा (दोघांना बांधणारा आदेश) करतं आणि संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं. भरलेली कोर्ट फी परत मिळते का, तेही त्याच दिवशी वकिलांना विचारा. दावा नसेल तर तडजोडनामा लोकअदालतीपुढे ठेवायची विनंती करा. लोकअदालतीच्या निवाड्याला १९८७ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे दिवाणी हुकूमनाम्याचंच बळ असतं, अपील नाही, आणि कुणी पाळला नाही तर थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करता येते. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चार वेळा भरते, पुढची तारीख कार्यालयात विचारा. आम्ही हेच केलं.

“पण आता मध्यस्थीचा नवीन कायदा आलाय ना?” असं अनेक जण विचारतात. आलाय, २०२३ मध्ये. पण त्याची कलमं एकदम लागू केलेली नाहीत, ९ ऑक्टोबर २०२३ ला त्यातली थोडीच लागू झाली. तुमच्या तडजोडीला त्यातलं कुठलं कलम लागू पडतं यावर डोकेफोड करण्यापेक्षा कोर्टाचा किंवा लोकअदालतीचा शिक्का घेऊन मोकळं व्हा.

फ्लॅटचा हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जाणार असेल, भावंडांच्या वाटणीत जातो तसा, तर मुद्रांक शुल्क आणि दुय्यम निबंधकाकडची नोंदणी लागते का हे सहीच्या आधी वकिलांना विचारा. सोसायटी नाव लावायला नकार देते ती बहुधा इथेच.

१०. बोलणी चालू असताना घड्याळ थांबत नाही

उसने पैसे किंवा बिलाची वसुली यासाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. तुम्ही आपसात किंवा सोसायटीत बसून बोलत राहिलात आणि मुदत संपली, तर समोरचा हसत उठून जातो. कलम १२-अ खालच्या मध्यस्थीचा काळ मुदतीतून वगळतात, घरगुती बोलण्यांचा नाही.

चेक न वटल्याच्या प्रकरणात तर दिवस मोजावे लागतात. बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस, तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणत हे दिवस घालवणारे पुष्कळ असतात. तक्रार वेळेत दाखल करा आणि मग मध्यस्थीला बसा. हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो.

११. मिटल्यावर

निवाड्याची किंवा हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागा, दोन घ्या. त्यातल्या तारखा कॅलेंडरवर लिहा. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर बारा चौकोन लाल झाले होते.

काम तेराव्या दिवशी संपलं. एका दिवसाचा उशीर, गवंड्याच्या गावच्या जत्रेमुळे. मी काही बोलले नाही. पाणी साठवल्यावर दुसऱ्या रात्री काका खाली आले, टॉर्च घेऊन. सासूबाईंचा पलंग बाजूला सरकवून आम्ही दोघांनी छताला हात लावून बघितलं, आणि मग स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद ठेवून सह्या केल्या.

आणि हो, छताला लगेच रंग लावू नका. आतली ओल वाळायला वेळ लागतो. आम्ही घाई केली आणि महिन्याभरात पुन्हा पोपडे आले. वर न जाता आधी रंगाऱ्याला बोलावलं, त्याने खरवडून दाखवलं की ओल जुनीच आहे. आता गणपतीनंतर दुसरा हात आहे.